महारवतन, विडी आणि आशाताईची कामगिरी

मागच्या पावसाळ्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात, विहाराच्या ओट्यावर आम्ही काही आशाताईंसोबत बसलो होतो. रोवणीचे दिवस होते. दोघी-तिघी थेट बांधीतूनच आलेल्या, पायाचा चिखल वाळलेला. आम्ही गेलो होतो सिकलसेल तपासणीबद्दल बोलायला, पण बोलणे भलतीकडेच गेले. त्याच आठवड्यातल्या एका आढावा बैठकीत त्यांना सगळ्यांसमोर ऐकवले गेले होते की तुमची कामगिरी समाधानकारक नाही. त्यावर त्यांच्यातल्या वयाने मोठ्या ताईने आम्हाला विचारले, “भाऊ, आमी नोकर आहो का नाही जी, तेवढं एकदा सांगून टाका. नोकर असन तर पगार सांगा. नसन तर कामगिरी कोनाची मोजता?”

आम्ही समाजशास्त्र शिकलो आहोत, पण त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. हा लेख त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे, आणि उत्तर शोधायला मागे इतिहासात जावे लागते.

आशाची कामगिरी कशाने ठरते, या प्रश्नाची सरकारी उत्तरे ठरलेली आहेत. शिक्षण कमी, प्रशिक्षण अपुरे, प्रेरणा कमी. म्हणजे दोष बाईत आहे आणि तो काढायला आणखी एक प्रशिक्षण घ्यायचे. आमचे म्हणणे वेगळे आहे. बाळंतीण आणि तान्ह्या बाळाची काळजी घेणाऱ्या गावातल्या बाईचे काम कसे होईल, हे त्या कामाला समाजाने आणि सरकारने काय दर्जा दिला यावरून ठरत आले आहे. दर्जा हा शब्द आम्ही मोघम वापरत नाही. काम नेमके कोणते, ते सांगणार कोण, मोबदला किती, आणि ती बाई कोणाच्या घरात कुठपर्यंत जाऊ शकते, या सगळ्याला मिळून आम्ही दर्जा म्हणतो.

सुईणीपासून सुरुवात करू. बाळंतपण विटाळाचे, नाळ कापणे त्याहून विटाळाचे, म्हणून गावगाड्याने हे काम देशाच्या बहुतेक भागांत अस्पृश्य जातींच्या बायकांवर टाकले. ज्या बाईची सावली चालत नव्हती तिचाच हात बाळाला पहिला लागायचा. बाळंतपण आटोपले की सुपात धान, एखादे जुने लुगडे, आणि पाचव्या-सहाव्या दिवसानंतर ती पुन्हा बाहेरची. तिच्या ज्ञानाला ज्ञान म्हटले गेले नाही आणि तिच्या कामाला काम म्हटले गेले नाही. पुढे इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया मेमोरियल निधीतून दायांना शिकवण्याचे वर्ग निघाले. तिथेही सूर एकच होता, की माता-बालके मरतात ती अडाणी, घाणेरड्या दाईमुळे. बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत कोंडणारी, तिला पोटभर न खाऊ घालणारी प्रथा, दवाखान्याचे अंतर, घरातली उपासमार, हे सगळे बाजूला राहिले आणि दाई तेवढी आरोपी ठरली. आजच्या आढावा बैठकीतला सूर आम्हाला त्याच घराण्यातला वाटतो.

आता १९२८ साल घ्या. त्या एका वर्षात मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी दोन गोष्टी केल्या. आपल्या चळवळीत त्या वेगवेगळ्या सांगितल्या जातात. मार्च महिन्यात त्यांनी महारवतनाबाबतचे विधेयक मांडले. जुलैमध्ये ते गिरणी-कारखान्यातल्या बायकांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने बोलले. आम्हाला या दोन गोष्टी एकत्र वाचाव्याशा वाटतात.

महारवतनाची अडचण काय होती? वतनदार महार सरकारी नोकर म्हणवला जाई, पण त्याच्या कामाला यादी नव्हती आणि वेळही नव्हती. महसूल खाते असो की पोलीस, कोणाचाही हुकूम आला की त्याने धावायचे. तो नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी. सरकार द्यायचे नाममात्र, बाकीचे रयतेकडून बलुत्याच्या रूपाने मिळवायचे, म्हणजे गावाच्या मर्जीवर जगायचे. बाबासाहेबांची मागणी सरळ होती. काम ठरवा, मोबदला ठरवा, आणि ज्याला हे काम नको त्याला यातून सुटू द्या. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडले. (झाडीपट्टी तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हती, मध्यप्रांतात होती. इथे मालगुजारी होती आणि गावकामाला कोतवाल होता. पण तो कोतवाल बहुधा महारच असायचा, त्यामुळे गोष्ट आपल्याला परकी नाही.)

प्रसूती लाभाच्या विधेयकाला विरोध करणारे म्हणत होते की याने उद्योगावर बोजा पडेल. बाबासाहेबांची मांडणी अशी की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे. म्हणून त्या खर्चाचा भार सरकारने उचलायला हवा. सरकार तो उचलत नसेल तर ज्या मालकाला तिच्या श्रमाचा फायदा मिळतो त्याने उचलावा. आईच्या आणि बाळाच्या आरोग्याचा खर्च कोणाच्या दयेवर सोडायचा नाही, हे यातले मूळ. मुंबईत १९२९ साली कायदा झाला, पाठोपाठ १९३० मध्ये मध्यप्रांतातही झाला, म्हणजे तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातल्या गोंदियालाही तो लागू झाला.

पण गोंदियातली मजूर बाई गिरणीत किती होती? ती विडी वळत होती, आणि पुष्कळशी घरी बसून. ज्यांच्या घरात आजीने विडी वळली त्यांना हे सांगायला नको. पाने आणि तंबाखू सट्टेदाराकडून आणायचा, विड्या वळून नेऊन द्यायच्या, त्याने त्यातल्या नापसंत बाजूला काढायच्या आणि पसंत पडलेल्यांचा हजारी हिशेब करायचा. अंगात ताप असो की पोटात बाळ असो, हजार भरले तर पैसे. ती कारखान्यात नाही म्हणून ती कामगार नाही, आणि कामगार नाही म्हणून प्रसूती लाभ तिच्यापर्यंत येत नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. तिच्या ठरावांत गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेतल्या कामगार स्त्रियांसाठी रजा, इजा झाल्यास भरपाई आणि निवृत्तिवेतन मागितले गेले. आपल्या आज्या-पणज्यांनी हे मागितले तेव्हा देश स्वतंत्रही नव्हता. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे काम पाहू लागले, आणि पुढच्याच वर्षी खाणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभाची दुरुस्ती त्यांनी मांडली. घरी विडी वळणाऱ्या बाईला कायद्याने कामगार मानायला मात्र १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा यावा लागला. हे साल लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

स्वातंत्र्यानंतर गावातलाच माणूस आरोग्यासाठी नेमायचा पहिला मोठा देशव्यापी प्रयोग २ ऑक्टोबर १९७७ ला सुरू झाला. सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता नेमायचा, त्याला तीन महिन्यांचे प्रशिक्षण द्यायचे आणि महिन्याला ५० रुपये मानधन द्यायचे. निवड गावाने करायची होती. गावाने म्हणजे कोणी, हे आपल्याला सांगायला नको. बहुसंख्य ठिकाणी पुरुष निवडले गेले, आणि गरोदर बाईच्या खोलीत पुरुष जाणार कसा? माता-बाल आरोग्याचे काम तिथेच अडले. मग त्या कार्यकर्त्यांनी नोकरीत घेण्याची मागणी केली, सरकारने ते आमचे नोकर नाहीत असे सांगितले, आणि योजना हळूहळू विझली. या अनुभवातून सरकारने एक धडा घेतला, की कार्यकर्ता बाई असावी. दुसरा धडा होता की माणसाला वर्षानुवर्षे अर्ध्या दर्जावर ठेवून काम चालत नाही. तो घेतला नाही.

मग गावातली साधी बाई हे काम करू शकते की नाही? याचे उत्तर आमच्या शेजारच्या जिल्ह्याने दिलेले आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावच्याच बायका निवडल्या. त्यांना बाळाचे वजन, ताप, श्वास, दूध ओढणे तपासायला शिकवले, आणि जंतुसंसर्ग ओळखून बाळाला इंजेक्शन द्यायचेही शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. बाई तीच होती, शिक्षणही तेवढेच. फरक असा की तिच्या वाट्याला घरे मोजकी होती आणि काम ठरलेले होते. हातात साहित्य होते, देखरेख करणारा माणूस नियमाने येऊन तिच्यासोबत बाळ बघत होता, आणि तिच्या निर्णयावर विश्वास ठेवला जात होता. कमी शिकलेली म्हणून कामगिरी कमी, या म्हणण्याला त्यानंतर फारसा आधार उरत नाही.

दुसरे शेजारी छत्तीसगड. देवरी-सालेकसाच्या पलीकडे २००२ पासून मितानीन उभ्या राहिल्या. तिथे निवड पंचायतीच्या गावाऐवजी पाड्या-टोल्यावर झाली, प्रत्येक टोल्याची आपली मितानीन. म्हणून गोंडांच्या टोल्यावर गोंड बाई आली. या मितानीन रेशनसाठी, जंगलहक्कासाठीही भांडल्या. त्यांनाही सुरुवातीला मानधन नव्हते, हे सांगायला हवे. तो आदर्श आम्ही डोळे झाकून पुढे करत नाही.

१२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि मितानीनच्या अनुभवावरून ‘आशा’ आली. आशा या इंग्रजी नावातले शेवटचे अक्षर ‘ॲक्टिव्हिस्ट’चे, म्हणजे कार्यकर्तीचे आहे. महाराष्ट्रात तिची ‘स्वयंसेविका’ झाली. एका भाषांतरात हक्कासाठी उभे करणारी बाई सेवा करणारी बाई झाली. सेवेला पगार नसतो, मानधन असते. आणि मानधनाच्या आधी असतो ‘कामावर आधारित मोबदला’. घरी जाऊन नवजात बाळ बघायचे: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. सहा भेटी झाल्या, फॉर्म भरला, सह्या झाल्या, तर एका बाळामागे २५० रुपये, म्हणजे एका भेटीला ४२ रुपयेही पुरे पडत नाहीत. पाचच भेटी झाल्या, बाळंतीण सहाव्या भेटीआधी माहेरी गेली, तर हिशेब अडकतो. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात आशाला ६०० रुपये, पण महाराष्ट्रात लाभार्थी दारिद्र्यरेषेखालची किंवा अनुसूचित जाती-जमातीची असावी लागते. शेजारच्या घरातली बाळंतीण यात बसत नसेल तर तिच्यासोबत रात्रभर दवाखान्यात बसलेली आशा त्या खात्यात शून्य.

आता विडीचा हिशेब आठवा. पसंत पडली ती मोजली, बाकी छाट. सट्टेदाराच्या जागी फॉर्म आला आहे. अशा पद्धतीत बाई कोणते काम नीट करेल? ज्याला पैसे आहेत ते. दिवस गेलेल्या पोरीला नवरा मारतो म्हणून आशाने दोन तास तिच्याजवळ बसावे, याला कोणता रकाना आहे? बाईच्या अंगात रक्त नाही म्हणून गोळ्या देऊन पुढे न जाता सिकलसेल आहे का हे बघायला तिला दवाखान्यात घेऊन जावे, नवऱ्याचीही तपासणी करून घ्यावी, हे पूर्व विदर्भात आणि आपल्या समाजात जीवनमरणाचे काम आहे. त्याला समजूत लागते आणि वेळ लागतो. तुकड्याच्या हिशेबात वेळेचे पैसे नसतात.

आणि वतन आठवा. आशाचे मूळ काम माता-बालकांचे. त्यावर हिवताप, क्षयरोग, कुष्ठरोगाचे सर्वेक्षण, रक्तदाब-मधुमेहाचे फॉर्म, कार्ड काढणे, कोरोनात घरोघर ताप मोजणे. उपकेंद्रातून निरोप येतो, ग्रामपंचायतीतून येतो, आणि आता मोबाइलवरून कुठूनही येतो. ती घरी नसेल तर तिची पोरगी यादी घेऊन फिरते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. कामाला यादी नाही, वेळ नाही, घरातला माणूसही जुंपलेला. बाबासाहेबांनी १९२८ साली जे दाखवले त्यात आणि यात आम्हाला फार अंतर दिसत नाही. काही मित्र म्हणतील की तुलना ताणली, आशा जातीने ठरत नाही, ती स्वतः अर्ज करते. बरोबर आहे. ती काम सोडूही शकते. पण रोवणी आणि तेंदूपत्त्याशिवाय रोख पैसा नसलेल्या गावात नवरा नसलेली किंवा टाकलेली बाई हे काम कशी सोडणार, हेही त्या मित्रांनी सांगावे.

जातीचे म्हणाल तर ती वेगळ्या दाराने येते. २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख २२ हजार, त्यात अनुसूचित जाती सुमारे १३ टक्के आणि जमाती सुमारे १६ टक्के. एका गावात चार मोहल्ले आणि दोन टोल्या, आणि आशा हजार लोकसंख्येमागे एक. ती बौद्ध असेल तर काही घरांत तिला अजूनही ओसरीवरच थांबवतात. बाळ बाहेर आणून दाखवतात. आता नवजात बाळ बघायचे म्हणजे आई दूध कसे पाजते ते बघायचे, खोलीत ऊब आहे का बघायचे, आईला अंगावर जास्त जाते का विचारायचे. हे ओसरीवरून होत नाही. मग भेट कागदावर होते. बैठकीत ती कामचुकार ठरते, आणि तिला आत न घेणारे घर कोणत्याच अहवालात येत नाही. एकेकाळी सुईणीला आत घेत होते कारण विटाळाचे काम होते. आता शिकलेली बौद्ध बाई वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन आली की ती ओसरीवर!

पण आरसा आपल्याकडेही फिरवायला हवा. आपल्या मोहल्ल्यातली आशा गोंडांच्या टोल्यावर किती वेळा जाते? मांगांच्या चार घरांत ती पाणी पिते का? आम्ही हा प्रश्न त्या विहारातच विचारला तेव्हा थोडा वेळ कोणी बोलले नाही. एकीने टोली लांब आहे म्हटले, आणि ती लांब आहेच, नाल्यावर पूर आला की रस्ता बंद. पण सगळे उत्तर तेवढे नव्हते, हे तिलाही माहीत होते.

पैशाचा अलीकडचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो तरुण मित्रांना तोंडपाठ असायला हवा. केंद्राने नियमित कामांचा मोबदला २०१८ मध्ये १००० वरून २००० केला. त्याआधीच, २०१३ साली, भारतीय श्रम परिषदेने योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन द्यावे अशी शिफारस केली होती. ती तशीच पडून आहे. राज्यात १५ जून २०२१ ला ऐन कोरोनात सुमारे ७० हजार आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, तेव्हा आशांना १००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोरोना भत्ता मिळाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. पुरस्काराने किराणा येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा संप झाला, ७००० रुपये वाढीची घोषणा झाली, शासन निर्णय निघेना. जानेवारी २०२४ पासून तिसरा संप, फेब्रुवारीत आझाद मैदानावर मुक्काम, आणि मार्चमध्ये निर्णय निघाला तो ५००० रुपयांचा. प्रत्येक वेळी जे मिळाले ते रस्त्यावर बसून मिळाले आणि प्रत्येक वेळी ते ‘मानधन’च राहिले.

म्हणून १९६६ चे साल लक्षात ठेवा म्हटले होते. घरी बसून, तुकड्यावर, मालकाच्या छपराबाहेर काम करणारी बाई कायद्याने कामगार ठरू शकते हे या देशात आधीच मान्य झालेले आहे. मग घरोघर फिरून, सरकारचे रजिस्टर भरून, सरकारच्या हुकमावर काम करणारी बाई कामगार का नाही? याला उत्तर द्यायची जबाबदारी सरकारची आहे, पण प्रश्न विचारत राहायची जबाबदारी आपली आहे, आणि आपण ती पार पाडलेली नाही. संपाच्या मंडपात लाल झेंडे होते, निळे फार कमी होते. ‘हा युनियनचा विषय आहे’ असे म्हणणारे कार्यकर्ते आम्ही स्वतः ऐकले आहेत. ज्या नेत्याने मजूर पक्ष काढला त्याच्या अनुयायांच्या तोंडी हे वाक्य कसे शोभते?

एक कबुली द्यायची राहिली. दोन वर्षांपूर्वी आम्ही मित्रांनी एका गावात सिकलसेलचे शिबिर घेतले होते. गावातून माणसे गोळा केली आशाताईंनी. दोन दिवस फिरल्या, शिबिराच्या दिवशी सकाळपासून उभ्या होत्या. आम्ही त्यांना बाबासाहेबांचा फोटो, गुलाबाचे फूल आणि पुरीभाजी दिली. भाषणात त्यांना सावित्रीच्या लेकी म्हटले. मंडपवाल्याचे पैसे दिले, माइकवाल्याचे दिले, गाडीवाल्याचे दिले. त्यांना द्यायचे असतात हे आमच्या डोक्यातही आले नाही.

त्या पावसाळी बैठकीत आम्ही हे बोलून दाखवले. ज्या ताईने प्रश्न विचारला होता ती हसली आणि म्हणाली, “आमाले ते आठवते जी.” मग ठरले ते असे. महिनाभर प्रत्येकीने एका वहीत रोजचे काम लिहायचे: किती वाजता, कोणाच्या निरोपावर, किती चालून, त्याला मोबदला आहे की नाही, आणि कोणत्या घरात आत घेतले नाही. घराचे नाव लिहायचे नाही, फक्त मोहल्ला किंवा टोली. वह्या एकत्र करून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचायच्या आणि आशाच्या कामाची यादी ग्रामसभेच्या कार्यवृत्तात लिहून घ्यायची. वह्यांचा खर्च आणि लिहिण्याच्या वेळेचे पैसे शिबिराच्या उरलेल्या वर्गणीतून द्यायचे. गोंडांच्या टोलीवर जायला पहिल्या आठवड्यात आमच्यातले दोघे सोबत जातील असेही ठरले.

पहिली वही दहा दिवसांनी आमच्या हातात आली. पहिल्या पानावर पहिली नोंद पहाटे पावणेचारची आहे. कळा सुरू झाल्या, गाडीला फोन, बाळंतिणीसोबत दवाखाना, दुपारी दोनला परत. शेवटच्या रकान्यात, मोबदला आहे की नाही, तिथे ताईने लिहिले आहे: कार्ड नाही, म्हणून नाही.